पाहणीत दुरुस्त्या निघाल्या, आता भावाची बोलणी

नागपुरात जुनं घर पसंत पडलंय, इसार अजून दिलेला नाही, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या अहवालात दुरुस्त्यांची लांबलचक जंत्री आलीय. लगेच मालकांना फोन लावू नका. अहवाल घेऊन दिवसाउजेडी पुन्हा त्या घरी जा आणि प्रत्येक नोंदीपाशी स्वतःला विचारा की हे मालकांनी भाव सांगताना धरलं असेल का. उडालेला रंग, जुन्या फरशा, नीट न लागणारी दारं सगळ्यांनाच दिसतात. तीस वर्षांच्या घराच्या भावात ती आधीच धरलेली असतात. त्यांवर घासाघीस केली की मोठ्या मुद्द्याचं वजन जातं. भाव उतरायला हवा तो झाकलेल्या दोषांसाठी.

नागपुरात त्यातला पहिला पायाचा. शहराच्या बऱ्याच भागांत खाली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि पाया हलवते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग नीट बघा. पुट्टी भरलेली असूनही ती पुन्हा उघडली असेल, तर हालचाल थांबलेली नाही. अशी भेग निव्वळ गिलाव्याच्या खर्चात बसवू नका, इंजिनिअरकडून पायावरच्या उपायाचं लेखी मत घ्या. दुसरा दोष न्हाणीघराच्या आणि गच्चीच्या स्लॅबचा. खालून हलकेच ठोकलं आणि पोकळ आवाज आला, की आतली सळई गंजून फुगली आणि काँक्रीट सुटलं असण्याची शक्यता असते; इंजिनिअरकडून खात्री करून घ्या. तसं निघालं तर तिथे सैल भाग तोडणं, सळईचा गंज काढून लेप देणं, मग पॉलिमर मॉर्टर भरणं, एवढं सगळं आलं. उन्हाळ्यात घर पाहत असाल तर मालकांना विचारून गच्चीवर दोन दिवस पाणी साठवून ठेवा; मे महिन्यात कोरडं दिसणारं छत जुलैत काय करेल ते तेव्हाच कळतं. कूलरच्या खिडकीखालच्या भिंतीवर हात फिरवून ओल पाहायला विसरू नका.

आता आकडे. दोन ठेकेदारांना जागेवर नेऊन मोजमापासह लेखी अंदाजपत्रक घ्या. त्यात परांची, मलबा उचलणं आणि काम चालेपर्यंतचं तुमचं घरभाडं धरलेलं असू द्या. तोडफोडीत आणखी काही निघतंच, त्यासाठी थोडी रक्कम वेगळी दाखवा.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. समजा ६० लाखांचं घर, बँक ८० टक्के कर्ज देणार, म्हणजे तुमच्या खिशातले १२ लाख. दुरुस्ती ५ लाखांची, म्हणून भाव ५५ लाखांवर आणला, तर खिशातले ११ लाख लागतील. हातात मोकळा झाला फक्त १ लाख, बाकीचे ४ लाख कर्जातून कमी झाले. दुरुस्तीला मात्र रोख ५ लाख हवेत. म्हणून बोलणीआधीच बँकेला दुरुस्तीसाठीच्या वेगळ्या कर्जाचं विचारून ठेवा. ‘आम्हीच दुरुस्त करून देतो’ असं मालक म्हणाले तर मात्र सावध राहा. विकायच्या घरात काम बहुतेक वरवरचंच होतं.

रेडी रेकनरचं, म्हणजे सरकारी दरतक्त्याप्रमाणे निघणारं, घराचं मूल्यही काढून ठेवा. मुद्रांक शुल्क ठरलेला भाव आणि हे मूल्य, यांतलं जे जास्त त्यावर लागतं. हे मूल्य ठरलेल्या भावाच्या ११० टक्क्यांच्या वर गेलं, तर फरकाची रक्कम तुमचंच उत्पन्न धरून त्यावर आयकर लागू शकतो. आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), मंजूर नकाशा, लागू असेल तर नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) नियमितीकरणाचं पत्र, कराच्या आणि पाण्याच्या पावत्या हे सगळं सोबत असू द्या. नकाशात नसलेल्या खोलीचे पैसे मोजायचे नाहीत.

बोलणीला बसायच्या आदल्या रात्री घरच्यांसोबत दोन आकडे ठरवा, मागायचा आणि थांबायचा. दुसरा कुणालाही सांगू नका, दलालालाही नाही. बोलताना घराला नावं ठेवू नका. समोरच्या काकांनी ते आयुष्यभराच्या पगारातून बांधलेलं असतं. ‘काका, घर आवडलं म्हणूनच एवढी तपासणी केली. हा अहवाल, ही दोन अंदाजपत्रकं, तुम्हीही तुमच्या माणसाला दाखवून घ्या,’ एवढं बोलून कागद त्यांच्या हाती द्या आणि त्यांना वेळ द्या. मुलं पुण्यात किंवा परदेशात असतील तर त्यांच्याशी बोलल्याशिवाय काका हो म्हणणार नाहीत, आणि त्यात वावगं काहीच नाही.

व्यवहार जमला, की इसारपत्रात उतरलेला भाव, त्यामागच्या दुरुस्त्या आणि कर्ज नामंजूर झाल्यास इसार परत मिळण्याची अट स्पष्ट लिहून घ्या. इसार बँकेतूनच द्या. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं कायद्याला धरून नाही.