जुनी, कुणालाच नको असलेली इलेक्ट्रिक गिटार घ्यावी का? आधी नेक बघा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात जुन्या गिटारी निघतात त्या बहुतेक माळ्यावरून. कुणाचे काका ऑर्केस्ट्रात वाजवायचे, कुणाचा गोव्याचा पाहुणा जहाजावर होता. पेटी उघडली की आत चार-चार पिकअप (तारांचा कंप टिपणारे चुंबकी भाग), सरकत्या बटणांची रांग, चकचकीत पत्र्याची प्लेट आणि हेडवर, म्हणजे वरच्या टोकावर, कधी न ऐकलेलं नाव. मग मला फोन येतो, "दादा, घेऊ की नको?"

तोवर त्या पोराला दोन सल्ले मिळालेले असतात. एक म्हणतो विंटेज आहे, भाव वाढणारच, घेऊन टाक. दुसरा म्हणतो नाव नसलेली गिटार म्हणजे नुसतं लाकूड. दोघांनीही नेक, म्हणजे गिटारची लांब मान, बघितलेला नसतो. मी वीस-बावीस वर्षं गणपतीच्या आणि लग्नांच्या ऑर्केस्ट्रात वाजवलं, आता बेळगावच्या शहापुरात घरीच गिटारी दुरुस्त करतो. माझं म्हणणं एवढंच आहे : नेक चांगला असेल तर बिनधास्त घ्या, आणि नेक गेलेला असेल तर फुकट मिळाली तरी घरी आणू नका. बाकी सगळं बेळगावात करून मिळतं, नेक मिळत नाही. नामांकित गिटारचा नेक बाजारात सुटा मिळतो. या गिटारींच्या नेकची लांबी वेगळी, बॉडीतल्या ज्या खाचेत तो बसतो तिची रुंदी वेगळी, दुसरा कुठलाच त्यात बसत नाही.

खप नव्हता म्हणजे गिटार वाईट, हे मला मान्य नाही. फेंडर या अमेरिकन कंपनीची जाझमास्टर गिटार 1958 मध्ये आली आणि 1980 मध्ये बंद झाली, जॅग्वार 1962 मध्ये आली आणि 1975 मध्ये बंद झाली. लोकांना नको होत्या म्हणून जुन्या बाजारात स्वस्त पडून राहिल्या, आणि ज्यांच्या खिशात पैसे नव्हते अशा पोरांनी त्या उचलल्या. पुढे दोन्ही पुन्हा बनवाव्या लागल्या. आपल्याकडे माळ्यावर सापडतात त्यातल्या काही जपानच्या टिस्कोच्या असतात. ही कंपनी 1946 मध्ये सुरू झाली आणि 1967 मध्ये कावाईने घेतली. अमेरिकेत त्या स्वस्तातल्या गिटारी म्हणून विकल्या गेल्या. पण त्यांच्या काही मॉडेलवरचा सोनेरी पत्र्याचा पिकअप अमेरिकन गिटारवादक राय कूडरने आपल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारवर बसवला, तेव्हापासून लोक नुसत्या पिकअपसाठी आख्ख्या गिटारी फोडू लागले. म्हणून पिकअपच्या भोवती जादा भोकं किंवा नवे स्क्रू दिसले तर समजा, मूळचा पिकअप कुणीतरी आधीच काढून नेलाय.

मात्र इंटरनेटवरचा डॉलरमधला आकडा बघून इथला भाव ठरवू नका. तो विकणाऱ्याने मागितलेला भाव असतो, आणि विकत घेणारा तिकडे बसलेला असतो. तुम्हाला उद्या विकावीशी वाटली तर बेळगाव, कोल्हापूर, हुबळी आणि पणजी मिळून चार माणसं सापडली तरी पुष्कळ. वाजवायची असेल तरच घ्या.

बघायला जाताना 10 नंबरच्या तारांचा नवा संच, ट्यूनर, मल्टिमीटर, स्क्रू ड्रायव्हर, छोटा ॲम्प आणि गॅरेजवाल्याकडून फीलर गेज न्या. टॅपेट बसवताना तो ज्या पातळ पट्ट्या वापरतो, त्याच. फीलर गेज विसरलात तर परत फिरा.

आता नेक. इथे मी स्वतः फसलोय, म्हणून सविस्तर सांगतो.

2011 चा जुलै. जांबोटीच्या बाजूच्या एका घरात गिटार होती, बाहेर धो धो पाऊस. तारा ढिल्या होत्या. मी ट्यून करायला गेलो तर घरातले आजोबा म्हणाले, "तारा जुन्या हाईत, ताणू नको गा, तुटतील." म्हाताऱ्या माणसाचा शब्द मोडवेना. हेडकडून डोळा लावून बघितलं, नेक काठीसारखा सरळ. 14 हजार मोजले आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घेऊन आलो. रात्री नव्या तारा चढवल्या, सुरात आणल्या आणि जेवायला बसलो. उठून बघतो तर सगळ्या तारा उतरलेल्या. पुन्हा चढवल्या, पुन्हा उतरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) दोन रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवली, तर ती तारेखालून न अडकता सरकली. कॉर्ड धरताना बोटं कापली जात होती.

सहा तारा सुरात असल्या की नेकवर 40 ते 45 किलोचा ओढा येतो. तारा ढिल्या असताना ओढ्याने वाकणारा नेकही सरळ दिसू शकतो. त्यामुळे "डोळा लावून बघा, सरळ असेल तर घ्या" हा सगळीकडे मिळणारा सल्ला अर्धवट आहे, आणि त्याने माझे पैसे घालवले. नव्या तारा तुमच्याकडच्या चढवा, पूर्ण सुरात आणा आणि निदान अर्धा तास थांबा. चहा घ्या, गिटारचा इतिहास ऐका. विकणारा ताणू देत नसेल तर हात जोडून निघा. आजोबा खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तारांची काळजी होती. चूक माझीच, मी खिशात तारा घेऊन गेलो नव्हतो.

अर्ध्या तासानंतर पुन्हा सूर लावा. मग सहावी, म्हणजे जाड तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि नेक जिथे बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबा. तार आता पट्टीसारखी सरळ झाली. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यामध्ये किती फट आहे ते सोबतच्या माणसाला फीलर गेजने मोजायला सांगा. 0.2 ते 0.3 मिलिमीटर असेल तर उत्तम. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत भाव पाडून विचार करा. एक मिलिमीटर असेल तर नमस्कार करा. आता तेच पातळ पहिल्या तारेवर मोजा. दोन्ही बाजूंच्या मापात मोठा फरक असेल तर नेकला पीळ बसलाय, आणि पीळ कोणीही काढून देत नाही.

फट जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे नेकचा वाक कमी-जास्त करायची आतली सळई, शोधा. त्या काळच्या पुष्कळ स्वस्त गिटारींत तो फिरवता येत नाही, आत नुसती लोखंडी सळई बसवलेली असते. माझ्या त्या गिटारीत तीच होती. फिरवता येणारा असेल तर विकणाऱ्याला विचारून आधी थोडा सैल करा, तो हलतो का बघा, मगच पाव फेरा आवळा. त्याचा नट आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल तर कुणीतरी तुमच्या आधी प्रयत्न करून हरलंय.

यापुढे मी जी दुसरी चूक केली ती लोक आजही करतात. तार फ्रेटपासून उंच असली की सरसकट "नेकखाली पाचर घाला" म्हणतात. तार दोन कारणांनी उंच होते. नेक धनुष्यासारखा वाकला असेल तर वर सांगितलेल्या मापात मधोमध फट दिसते. नेक सरळ आहे पण बॉडीला चुकीच्या कोनात बसलाय, तर मधली फट ठीक असते, ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) पूर्ण खाली केलेला असतो आणि तरीही जसजसं बॉडीजवळच्या फ्रेटकडे जावं तसतशी तार उंच होत जाते. पाचर फक्त दुसऱ्या दुखण्यावरचं औषध आहे. मी वाकलेल्या नेकला पाचर घातली. बॉडीजवळच्या फ्रेटवर तार खरखरू लागली आणि मधली उंची गेलीच नाही. मग एकाने ड्रायरने गरम करून क्लॅम्प लावायला सांगितलं. आठ दिवस सरळ राहिला, नवव्या दिवशी पुन्हा तसाच. हा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका.

कोनाचं दुखणं असेल आणि नेक मागून चार स्क्रूंनी बसवलेला असेल, तर आनंदाने घ्या आणि त्या नावाखाली किंमत उतरवा. खाचेत ब्रिजकडच्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरची पाचर ठेवली की ब्रिजपाशी दीड-दोन मिलिमीटरचा फरक पडतो. पाचर सुताराकडच्या लाकडी विनियरची करा. व्हिजिटिंग कार्डाची करू नका, आपल्या पावसाळ्यात ते ओल धरून दबतं. नेक चिकटवलेला असेल तर ही वाट बंद.

फ्रेट बघा, तारेखाली खोल चर पडले असतील तर बदलायचा खर्च धरा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट हलकंच टेकवून निघणारा सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवा. ब्रिज सरकवता येत असेल तर थोड्या फरकाला घाबरू नका.

पिकअप तपासायला केबल लावून व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर धरा. काही हजार ओहम दाखवले तर कॉइल शाबूत. काहीच दाखवलं नाही तर लगेच पिकअप मेला म्हणू नका. पन्नास वर्षांच्या सरकत्या बटणांवर गंज असतो, दहा-बारा वेळा मागेपुढे करून पुन्हा बघा. मग ॲम्प लावून स्क्रू ड्रायव्हरने प्रत्येक पिकअपवर हळू टकटक करा, जिवंत असेल तो बोलतो. कॉइल खरंच तुटली असेल तर पंख्याच्या वायंडिंगवाल्याकडे देऊ नका. कामात तो कितीही तरबेज असो, पिकअपची तार केसासारखी, साधारण 0.06 मिलिमीटरची असते, आणि त्याच्या मशीनवर ती पहिल्याच फेऱ्याला तुटते. घरात जुना 110 व्होल्टचा ॲम्प सोबत देत असतील तर तो आपल्या प्लगमध्ये घालून बघू नका.

बाकी तुटकंफुटकं असू दे. जपानी गिटारींचे स्क्रू मेट्रिक मापाचे असतात, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. ब्रिजचे सॅडल (तारा ज्यावर टेकतात ते तुकडे), ट्रेमोलोची म्हणजे सूर हलवायची दांडी हे मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर करून घेतलंय. मोठमोठे पार्ट करणारा माणूस एवढंसं पितळ हातात घेतो, डोळ्यांजवळ नेतो आणि विचारतो, "हे कशाचं गा?" सांगितलं की जीव लावून करतो. नमुना म्हणून जुना तुकडा न्या, कागदावरचं चित्र नको.

किंमत ठरवताना माझा हिशोब सरळ आहे. आज 15 ते 20 हजारांत दुकानातली नवी, हमीची गिटार मिळते. जुनीची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च मिळून त्याच्या वर जात असेल तर सोडा. विकणारा अडून बसला तर नंबर ठेवून या. अशा गिटारीला रांग लागत नसते, गणपती झाल्यावर तोच फोन करतो.

घरी आणल्यावर पहिला आठवडा रोज सूर लावा आणि सातव्या फ्रेटची फट रोज मोजा. मापं तारखेसह कागदावर लिहून पेटीत ठेवा. मग एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा जुलैमध्ये पुन्हा मोजा. माझ्या सध्याच्या गिटारच्या पेटीत असा कागद आहे, पहिली ओळ 0.25, शेवटची 0.3, मध्ये नऊ पावसाळे.