कळशीवरचं 'सु. रा. का.'

फोंड्याच्या आमच्या घरात तांब्याची एक कळशी आहे. आजीच्या लग्नातली, एवढंच सगळ्यांना ठाऊक. गळ्याशी टिंबाटिंबांनी नाव घातलंय: 'सु. रा. का., माघ शके १८४५'. आजीचं नाव तर लक्ष्मी. मग ही 'सु.' कोण?

असं भांडं तुमच्याकडे असेल तर आधी ते चिंचेने घासणं थांबवा, टिंबं झिजतात. अंधारात बाजूने टॉर्च धरून फोटो काढा, अक्षरं उठून दिसतात. शकात ७८ मिळवा. माघ-फाल्गुन असेल तर ७९. आमची कळशी १९२४ची निघाली.

मग घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारा. पुरुष वंशावळ घडाघडा म्हणतात, पण तीत बायका नसतात, आणि भांडी येतात ती बायकांबरोबर. धाकटी आत्या म्हणाली, "लक्ष्मी हे सासरचं नाव रे. माहेरची ती सुभद्रा."

कागदांत मात्र मी फसलो. आजीचाच जन्म शोधत बसलो. गोव्यात जन्मनोंद सर्वांना सक्तीची झाली १९१४पासून, आजी त्याआधीची. अशा वेळी तिच्या मुलांची नोंद काढायची. पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावं असतात. तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात विचारा. फार जुनी पुस्तकं पणजी शहरातल्या पुराभिलेखात, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहात. पोर्तुगीज येत नसेल तरी 'मातेर्न'ने सुरू होणारा शब्द हुडका, त्याच्या आसपास आईकडची माणसं सापडतात. थोरल्या आत्याच्या १९२६च्या नोंदीत आजीच्या वडिलांचं नाव रामचंद्र. 'रा.' बसलं! आडनाव मात्र 'का'चं नव्हतं. दोन दिवस डोकं खाजवल्यावर त्याच नोंदीतलं गाव नीट वाचलं: काकोडा.

त्या गावी जाताना भांडं नेऊ नका, लोकांना वाटतं वाटणी मागायला आलात. फोटो न्या, आणि नाव सांगण्याआधी कुळदेव सांगा. कवळ्याची शांतादुर्गा मूळची केळशीची, मंगेश कुशस्थळीचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या भीतीने देव हलले, कुळंही पांगली. जुनी माणसं पत्त्यापेक्षा देवावरून ओळख लावतात.

काकोड्यातल्या एका आजींनी फोटो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "आणि हिच्याबरोबर दिलेली घागर कुठाय?"