सापडलेले तान्हे बाळ: पहिल्या तासापासून दत्तकविधानापर्यंत

नाशिकच्या हिवाळ्यातली पहाट मोठ्या माणसालाही शाल ओढायला लावते, आणि निफाडकडे पारा त्याहून खाली उतरतो. अशा वेळी घाटाच्या पायरीवर, बसस्थानकातल्या बाकाखाली किंवा द्राक्षबागेच्या बांधावर एखादे नवजात बाळ आढळले, तर त्याच्या जिवाला भुकेच्या आधी थंडीचा धोका असतो. म्हणून त्याचे ओले कापड काढावे, अंग हलक्या हाताने कोरडे करावे, डोके झाकावे आणि बाळ आपल्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असे धरून वरून पांघरूण घ्यावे. त्याला अंघोळ घालू नये, नाळेला हळद किंवा तेल लावू नये, मध, गूळपाणी किंवा गाईचे दूध चाटवू नये. प्रेमापोटी केलेल्या या गोष्टींनीच पुढे जंतुसंसर्ग होतो किंवा दूध श्वासनलिकेत जाते.

त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी १०९८ (बालकांसाठीची मदतवाहिनी) किंवा ११२ (आपत्कालीन मदत) या क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि बाळाला जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. अशा बाळाची माहिती २४ तासांच्या आत पोलीस, बाल कल्याण समिती (निराधार मुलांविषयी निर्णय घेणारी जिल्ह्यातील शासकीय समिती), जिल्हा बाल संरक्षण कक्ष किंवा १०९८ यांपैकी एकाला देणे बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बंधनकारक आहे, आणि ती न देणे हा गुन्हा आहे. ‘पोलिसांची झंझट नको’ म्हणून बाळ शेजारच्या निपुत्रिक जोडप्याच्या ओटीत घालणारी माणसे वाईट नसतात; परंतु कायद्याची प्रक्रिया टाळून मूल दिले वा घेतले, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि त्या मुलाचे नवे आईवडीलही कागदावर कधीच त्याचे होत नाहीत. बाळाचे छायाचित्र व्हॉट्सअॅपवर फिरवणेही टाळावे, कारण त्याची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे.

या धावपळीत एक काम हमखास राहून जाते. बाळ नेमके कोठे, किती वाजता, कोणत्या कापडात गुंडाळलेले, अंगावर काय असलेले सापडले, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे आणि ते कापड फेकून न देता बाळाबरोबर सोपवावे. त्या मुलाच्या जन्माची कहाणी पुढे आयुष्यभर याच चार ओळींवर उभी राहणार असते.

रुग्णालयातून बाळ बाल कल्याण समितीच्या आदेशाने विशेष दत्तक संस्थेत, म्हणजे दत्तक जाईपर्यंत बाळे सांभाळणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेत, येते. नाशिकमध्ये घारपुरे घाटावरील आधाराश्रम अनेकांना ठाऊक असेल. संस्थेत दर दोन-तीन तासांनी दूध पाजणे, रोज वजन घेणे, बीसीजी, पोलिओ व हिपॅटायटिस बीच्या पहिल्या मात्रा राहिल्या असल्यास देणे हे ठरलेले असते. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले बरे, कारण ते उकळून पूर्ण स्वच्छ करता येते. माझ्या मते मात्र सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच आहे: पाळीगणिक नवे हात न बदलता, शक्यतो एकाच मावशीने त्या बाळाला पाजावे, निजवावे आणि त्याच्याशी बोलावे. वजन वाढते, तपासण्या चांगल्या येतात, तरी चेहरा ओळखून हसण्याचे वय आले आणि ओळखायला एकही चेहरा नसेल, तर ते बाळ गप्प होत जाते.

‘टाकलेले मूल’ हा शब्दप्रयोग मी टाळते. आईवडिलांनी आवाक्याबाहेरच्या कारणांमुळे मूल सोडले असेल, तर ते जाणूनबुजून सोडले असे कायदाही मानत नाही. जिला बाळ सांभाळणे खरोखर शक्य नाही, तिने ते अंधारात ठेवून जाण्याऐवजी बाल कल्याण समितीपुढे यावे. तेथे समुपदेशन होते, समर्पणपत्र (मूल समितीकडे सोपवल्याचा लेख) लिहिले जाते, नाव गुप्त राहते, आणि निर्णय फिरवण्यासाठी दोन महिने मिळतात. अविवाहित आईची एकटीची सही पुरते. विवाहितेच्या बाबतीत पती-पत्नी दोघांची लागते.

सापडलेल्या बाळाच्या पालकांचा शोध घेण्यासाठी वृत्तपत्रांत निवेदन दिले जाते, पोलिसांचा अहवाल मागवला जातो, आणि कोणीच पुढे आले नाही तर दोन वर्षांपर्यंतच्या बालकाला दोन महिन्यांत, त्याहून मोठ्याला चार महिन्यांत समिती दत्तकासाठी मुक्त, म्हणजे दत्तक देण्यास कायद्याने मोकळे, घोषित करते. हा काळ लांबल्याची तक्रार होते, आणि ती पुष्कळदा खरी असते. तरी शोध अर्धवट सोडून केलेले दत्तकविधान पुढे कोणी नातेवाईक उभा राहिला की डळमळते.

दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांनी संस्थेच्या दारात यादी विचारू नये. नोंदणी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरच होते, त्यानंतर समाजकार्यकर्ती घरी येऊन गृह अध्ययन, म्हणजे घराची आणि कुटुंबाची पाहणी, करते. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी पती-पत्नींच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा अधिक चालत नाही, विवाहाला दोन वर्षे पूर्ण हवीत, एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. निरोगी लहान बाळासाठी तीन वर्षांहून अधिक वाट पाहण्याची मनाची तयारी ठेवावी. बाळाची माहिती आली की ते ४८ तासांत राखून ठेवायचे असते. त्यानंतर वैद्यकीय अहवाल आपल्या बालरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावा. १ सप्टेंबर २०२२ पासून अंतिम आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, आणि त्या आदेशावर नव्या आईवडिलांच्या नावाचा जन्मदाखला मिळतो. त्यानंतर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, समाजकार्यकर्तीची भेट असते.

बाळ सोपवताना संस्था वैद्यकीय इतिहासासोबत एक आठवणींचा संग्रह देते: पहिला दात, पहिला ताप, मावशीच्या मांडीवरचे छायाचित्र. जन्मदात्या पालकांची नावे त्यात नसतात. दोन दिवसांचे असताना आलेल्या बाळाच्या संग्रहाचे पहिले पान मात्र संस्थेला भरता येत नाही. तेथे कोणी तरी, कधी तरी, एका पहाटे लिहून ठेवलेली वेळ, जागा आणि कापडाचा रंग एवढेच असते.