पहिलं स्केच पक्कं, तर पुढचं मॉडेल पक्कं : कॅड शिकणाऱ्यांसाठी माझा अनुभव

नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात माझ्याकडे कॅडवर, म्हणजे संगणकावर डिझाइन काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, एका बेस प्लेटचं मॉडेल करायचं काम आलं. १२० बाय ८० मिमी, जाडी १० मिमी, चार कोपऱ्यांत एम ८ बोल्टसाठी ९ मिमीचे चार होल, मधे एक पॉकेट (खोलगट खाच) आणि वर बेअरिंगसाठी उभा आधार. दोन दिवसांत मॉडेल झालं, दिसायलाही छान होतं. तिसऱ्या दिवशी आमचे सीनियर म्हणाले, "लांबी १२० ची १५० कर, मोटर बदलली आहे." मी एक आकडा बदलून रीबिल्ड दाबलं. प्लेट फक्त उजवीकडे वाढली. होल जागच्या जागी राहिले, पॉकेट एका बाजूला पडलं, आधाराच्या मुळाशी दिलेला फिलेट (कोपऱ्याची गोलाई) नाहीसा झाला आणि फीचर ट्रीत, म्हणजे मॉडेलच्या पायऱ्यांच्या यादीत, खालपर्यंत लाल खुणा उमटल्या. एकेक चूक निस्तरत बसण्यापेक्षा मॉडेल नव्यानं काढणं लवकर होईल, हे तासाभरात कळून चुकलं.

सीनियरनी माझं पहिलं स्केच, म्हणजे मॉडेलखालची सपाट रेखाकृती, उघडलं, एक कोपरा माउसनं धरला आणि ओढला. अख्खा आयत माउसच्या मागे सरकत गेला. "बघ, याला धरून ठेवणारं काहीच नाही. आणि वरचं सगळं यावरच उभं आहे," एवढंच ते म्हणाले.

कॉलेजात मी कमांड शिकले होते. रेघ, वर्तुळ, एक्स्ट्रूड (स्केचला जाडी देणं), रिव्हॉल्व्ह (स्केच अक्षाभोवती फिरवणं), सगळं येत होतं. पण स्केच म्हणजे चित्र नसून अटींचा संच असतो, हे त्या दिवशी समजलं. रेघ कुठे दिसते याला सॉफ्टवेअर महत्त्व देत नाही. ती कशाला समांतर आहे, कशाला टेकलेली आहे, किती लांब आहे, हे तुम्ही सांगितलं तरच ते पाळतं. ही कल्पना फार जुनी आहे. १९६३ साली एमआयटीत इव्हान सदरलँड यांनी पीएच.डी.साठी 'स्केचपॅड' बनवलं. त्यात लाइट पेननं पडद्यावर ओबडधोबड रेघा काढायच्या आणि त्या समांतर हव्यात की काटकोनात, हे संगणकाला सांगायचं, अशी सोय तेव्हाच होती. आजही सॉलिडवर्क्स, फ्यूजन, इन्व्हेंटर किंवा फ्रीकॅड यांसारखं कॅड सॉफ्टवेअर उघडून आपण तेच करतो: आधी अंदाजे काढायचं, मग अटी घालायच्या.

या अटींचा (कन्स्ट्रेंटचा) हिशेब एकदा हातानं करून पाहा, डोक्यात पक्का बसतो. आयताला चार कोपरे. प्रत्येक कोपरा आडवा आणि उभा असा दोन दिशांना हलू शकतो, म्हणजे एकूण ८ मोकळीका. दोन रेघा आडव्या आणि दोन उभ्या केल्या की ४ गेल्या. लांबी आणि रुंदी दिली, २ गेल्या. उरलेल्या २ म्हणजे आयत प्लेनवर (स्केचच्या सपाट पातळीवर) कुठे आहे ते ठिकाण. माझ्या प्लेटमध्ये नेमक्या याच दोन राहिल्या होत्या. मापं बरोबर होती म्हणून मी निर्धास्त होते. जागा मात्र कुणीच ठरवलेली नव्हती. आयताचं केंद्र ओरिजिनवर (शून्य बिंदूवर) बसवलं असतं तर स्केच फुल्ली डिफाइन्ड, म्हणजे पूर्ण पक्कं, झालं असतं. सेंटर रेक्टँगल हे टूल वापरून ओरिजिनपासून काढायला सुरुवात केली, तर हे आपोआप होतं.

सॉफ्टवेअर हे रंगानं दाखवतं. सॉलिडवर्क्स आणि फ्यूजनमध्ये मोकळी रेघ निळी आणि पक्की रेघ काळी दिसते. फ्रीकॅडमध्ये सगळं पक्कं झालं की स्केच हिरवं होतं. पण फक्त रंगावर विसंबू नका. काय राहिलंय ते कळत नसेल तर रेघ धरून ओढा. जे हलतं, तिथेच अट कमी आहे. मी आजही प्रत्येक स्केच बंद करण्याआधी दोन-तीन बिंदू ओढून पाहते. सॉलिडवर्क्समध्ये उरलेली मापं एका क्लिकवर भरून देणारी 'फुल्ली डिफाइन स्केच' ही सोय आहे. नवशिक्यांनी तिच्यापासून लांब राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. ती स्केच काळं करते, पण कुठलं माप कुठून द्यायचं हे तुमच्याऐवजी तीच ठरवते, आणि डिझायनरचं खरं काम नेमकं तेच आहे.

आता त्या चार होलांकडे येऊ, कारण माझी मोठी चूक तिथे होती. मी प्रत्येक होलाला डाव्या आणि खालच्या कडेपासून माप दिलं होतं. डावीकडचे दोन होल १५ मिमीवर, उजवीकडचे दोन १०५ मिमीवर. लांबी १२० असताना उजव्या कडेपासूनही १५ च येत होते, म्हणून सगळं बरोबर वाटलं. लांबी १५० झाल्यावर उजवीकडचे होल १०५ वरच थांबले आणि कडेपासूनचं अंतर ४५ झालं.

मग बरोबर काय होतं? याचं उत्तर भूमितीत मिळत नाही. पार्ट कशाला बसतो ते पाहावं लागतं. होल प्लेटच्या कोपऱ्यांशी बांधलेले असतील, तर कडेपासूनचे १५ मिमी कायम राहायला हवेत आणि होलांमधलं अंतर ९० चं १२० व्हायला हवं. पण खाली मशीनच्या बेडवर आधीच ९० मिमी अंतरावर टॅप (आट्यांची भोकं) मारलेले असतील, तर प्लेट कितीही लांब झाली तरी ९० हलता कामा नये. कडेपासूनचं अंतर आपोआप बदलू द्यायचं. दोन्ही स्केचं १२० ला हुबेहूब सारखी दिसतात. फरक कळतो तो माप बदलल्यावरच. आमच्या कामात दुसरी परिस्थिती होती, आणि मी ती कुणाला विचारलीच नव्हती. माझ्या स्केचमध्ये ९० टिकले ते योगायोगानं, आणि होल प्लेटच्या मध्यावर न राहता डावीकडे राहिले. तेव्हापासून रेघ ओढण्याआधी मी तीन प्रश्न कागदावर लिहिते: यातलं काय पुढे बदलू शकतं, काय बदलून चालणार नाही, आणि हा पार्ट दुसऱ्या कशाला टेकतो. डिझाइन इंटेंट हा शब्द तुम्ही सारखा ऐकाल. त्याचा अर्थ याच तीन प्रश्नांत आहे.

ते होल मी नंतर असे काढले. ओरिजिन केंद्र धरून ९० बाय ५० चा एक आयत कन्स्ट्रक्शन रेघांनी काढला. या तुटक रेघा फक्त आधारासाठी असतात, त्यांच्यातून सॉलिड तयार होत नाही. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार वर्तुळांची केंद्रं बसवली, चारही वर्तुळांना इक्वल (सारखं असण्याची अट) लावलं आणि एकालाच ९ मिमी व्यास दिला. पूर्ण स्केचमध्ये फक्त तीन मापं: ९०, ५० आणि ९. बोल्ट एम १० झाला तर एकच आकडा ११ करायचा. चार वर्तुळांना चार वेळा व्यास देणारी मुलं मी पाहते तेव्हा वाटतं, यांना इक्वल आणि सिमेट्रिक हे दोन कन्स्ट्रेंट कुणी पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवे होते. जे सारखं आहे ते 'सारखं आहे' असं सांगा. आकडे जुळवून सारखं करू नका.

सॉफ्टवेअर आपल्याला मदत म्हणून काही अटी स्वतःच लावतं, तिथे सावध राहा. मला एकदा साच्यातून निघणाऱ्या पार्टची भिंत २ अंश कलती काढायची होती. इतकी थोडी कलती रेघ जवळजवळ उभीच दिसते, त्यामुळे सॉफ्टवेअरनं तिला व्हर्टिकल करून टाकलं. नंतर कोन द्यायला गेले तर ओव्हर डिफाइन्ड, म्हणजे गरजेपेक्षा जास्त अटी, अशी तक्रार. अशी रेघ मुद्दाम जास्त तिरकी काढायची आणि मग कोनाचं माप देऊन जागेवर आणायची. ओव्हर डिफाइन्ड आलं की नवखा माणूस घाबरून दिसेल ते डायमेन्शन काढून टाकतो. तसं करू नका. आधी कुठल्या दोन अटी एकच गोष्ट सांगतायत किंवा एकमेकींविरुद्ध जातायत ते शोधा. बहुतेक वेळा दोषी आपोआप लागलेला कन्स्ट्रेंटच असतो. एखादं माप फक्त माहितीसाठी हवं असेल तर ते ड्रिव्हन ठेवा, म्हणजे ते आकार ठरवत नाही, फक्त दाखवतं.

मापं देण्याआधी स्केच साधारण खऱ्या आकाराच्या जवळ असू द्या. पडद्यावर ५०० मिमीचं काहीतरी काढून त्यातल्या एका रेघेला २० दिलं की बाकीच्या रेघा एकमेकींवरून उलट्या जातात आणि आकार ओळखू येत नाही. पहिल्या रेघेलाच तिचं माप देऊन टाकलं, तर पुढचं सगळं त्या प्रमाणात काढता येतं.

सॉलिड बनवायचं तर प्रोफाइल, म्हणजे स्केचची बाह्यरेषा, बंद हवं. दोन टोकं शेजारी शेजारी दिसतात, पण मधे ०.०१ मिमीची फट असते आणि एक्स्ट्रूड होत नाही. सॉलिडवर्क्समध्ये अशा वेळी भरीव ठोकळ्याऐवजी पातळ भिंत उभी राहायला लागते. थिन फीचर आपोआप सुरू झालं की फट आहे असं समजा. टोकं झूम करून नजरेनं जुळवू नका, कोइन्सिडेंट (दोन बिंदू एकाच जागी असण्याची अट) लावा. फटीइतकाच त्रास एकावर एक पडलेल्या दोन रेघांचा आणि कोपऱ्याबाहेर जराशा निघालेल्या शेपटांचा होतो. बंद भाग रंगानं भरून दाखवण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा.

शाफ्टसारखा गोल पार्ट असेल तर रिव्हॉल्व्ह वापरा. अर्धंच प्रोफाइल काढायचं, मधे सेंटरलाइन, आणि प्रोफाइल त्या रेघेच्या पलीकडे जाता कामा नये. माप देताना कर्सर सेंटरलाइनच्या पलीकडे नेला की सॉलिडवर्क्स त्रिज्येऐवजी व्यास घेतं. मी सुरुवातीला १२.५ असे आकडे भरत असे. ड्रॉइंगवर आणि लेथवर मात्र २५ च बोललं जातं, आणि दर वेळी मनात निम्मे करताना केव्हातरी चूक होतेच.

एका स्केचमध्ये किती भरायचं, यावर मतभेद आहेत. माझं मत असं की बाहेरचा मूळ आकार एका स्केचमध्ये, होल वेगळे, पॉकेट वेगळं. फिलेट आणि चॅम्फर (तिरकी कापलेली कड) शक्यतो स्केचमध्ये देऊच नयेत. स्केचमध्ये कोपरा गोल केला की मूळ कोपराच नाहीसा होतो, त्यावरची मापं लटकू शकतात, आणि पुढे फिलेट तात्पुरता बंद करून पाहायचा झाला तर करता येत नाही. फीचर म्हणून दिला तर एका क्लिकवर सप्रेस होतो. स्लॉटची (लांबट भोकाची) गोल टोकं किंवा स्वीपसाठी, म्हणजे आकार एका मार्गावरून ओढत नेण्यासाठी, पाइपचा वळणदार मार्ग, हे मात्र स्केचमध्येच हवं, कारण तिथे ती गोलाई हाच मूळ आकार असतो. होल एकाच ओळीत दहा असतील तर एक काढून फीचर पॅटर्न करा, म्हणजे त्या होलाच्याच प्रती घ्या. दहा वर्तुळांचं स्केच पॅटर्न रीबिल्डला जड जातं आणि बदलायलाही किचकट असतं.

माझा नाहीसा झालेला फिलेट आठवतो? त्याच्या शेजारचं स्केच मी फिलेटच्याच कडेला बांधलं होतं. कड बदलली, स्केचचा संदर्भ गेला. कडेला किंवा पृष्ठभागाला संदर्भ देणं सोपं असतं, पण त्या फीचरच्या नशिबाला आपण बांधले जातो. फ्रीकॅड वापरणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे. कडांची आणि पृष्ठभागांची अंतर्गत नावं बदलल्यामुळे मॉडेल मोडण्याची जुनी अडचण तिथे नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत बरीच कमी झाली. कुठलंही सॉफ्टवेअर असो, शक्य तिथे ओरिजिन, मुख्य प्लेन किंवा पहिलं स्केच यांनाच संदर्भ द्या. ती हलत नाहीत.

सरावासाठी मी स्वतः करत आले ते सांगते. हाताशी असलेली एखादी साधी वस्तू घ्या, व्हर्नियरनं मोजा, आधी पेन्सिलनं कागदावर काढा आणि ओरिजिन कुठे असेल ते तिथेच ठरवा. दोन्ही बाजूंनी सारखी वस्तू असेल तर मध्यावर, एका कडेपासून मशीनिंग होणार असेल तर त्या कडेवर, शाफ्ट असेल तर अक्षावर. मग मॉडेल करा. आणि झाल्यावर खरी परीक्षा: लांबी दीडपट करा, एक होल मोठा करा, जाडी निम्मी करा. लाल खूण आली तर कुठल्या स्केचमुळे आली ते शोधा आणि मॉडेल नव्यानं न काढता तिथेच दुरुस्त करा. नोकरीसाठी दिलेल्या एका परीक्षेत मला ड्रॉइंग देऊन मॉडेल करायला सांगितलं होतं, आणि शेवटच्या दहा मिनिटांत तीन मापं बदलायला लावली होती. तिथे वेगापेक्षा हा सराव उपयोगी पडला.

ती बेस प्लेट मी दुसऱ्यांदा काढली तेव्हा सेंटर रेक्टँगल, ९० चा पक्का होल पिच (होलांमधलं अंतर), पॉकेट ओरिजिनला सिमेट्रिक आणि फिलेट सगळ्यात शेवटी, असं केलं. स्केचांना नावंही दिली: 'बाहेरचा आकार', 'बेडचे होल', 'पॉकेट'. नंतर ती लांबी १५० ची १८० झाली आणि पुन्हा १६५. दोन्ही वेळा बदल माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यानं केला, आणि मला काही विचारायची गरज त्याला पडली नाही.