गाडी आधी उलटी करा

जुनी खेळण्यातली गाडी हातात आली की बहुतेक माणसं ती पुढून बघतात, मग चाकं फिरवतात. मी आधी उलटी करते. ही सवय कारखान्यातली. चिंचवडच्या एका डायकास्टिंग (वितळलेला धातू साच्यात दाबून भाग ओतायच्या) कारखान्यात मी २६ वर्षं तपासणीला होते. स्कूटरचे कार्ब्युरेटर, कुलपांच्या बॉड्या, दारांच्या मुठी असे जस्ताचे भाग ट्रे भरभरून टेबलावर यायचे. दर्शनी बाजू सगळेच जपतात, त्यामुळे भाग चांगला की वाईट हे मागच्या बाजूलाच कळायचं. निवृत्तीनंतर डायकास्ट गाड्या जमवायला लागले तेव्हा तेच डोळे कामाला आले. ज्यांना हा छंद नव्याने लागलाय त्यांना ते कसं बघायचं एवढंच सांगायचं आहे.

माझी पहिली गाडी दादाची. मामा बोटीवर होता, त्याने आणलेला मॅचबॉक्सचा लेलँड पेट्रोल टँकर. हिरवी केबिन, पांढरी टाकी, बाजूला ‘बीपी’ या पेट्रोल कंपनीचं लेबल. आमच्या लहानपणी असं खेळणं बाहेरून कुणी आणलं तरच घरात यायचं, म्हणून दादा मला त्याला हात लावू द्यायचा नाही. दोन वर्षांपूर्वी त्याने तो स्वतःहून माझ्या हातात ठेवला.

तेव्हा पहिली गोष्ट: एक अरुंद वाट निवडा. डिंकी, कॉर्गी, मॅचबॉक्स, हॉट व्हील्स अशा सगळ्याच ब्रँडच्या गाड्या जमवायला निघालात तर दोन वर्षांत घर भरेल आणि कशातलंच नीट कळणार नाही. मी मॅचबॉक्सचे ट्रक धरले, तेही फक्त १९५३ ते १९६९ मधले, ज्यांना संग्राहक ‘रेग्युलर व्हील्स’ म्हणतात. १९६८ साली अमेरिकेतल्या मॅटेलने हॉट व्हील्स आणल्या. त्या इतक्या सुसाट पळायच्या की मॅचबॉक्सला १९६९ पासून ‘सुपरफास्ट’ चाकं आणावी लागली. माझी वाट तिथे संपते. तुम्ही फक्त रोडरोलर जमवा, फक्त दूधगाड्या जमवा, काहीही चालेल, पण कुंपण घाला.

मॅचबॉक्सचा इतिहास थोडक्यात माहीत असला की तळावरचा मजकूर वाचता येतो. लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ (आडनाव एक, नातं नाही) यांनी १९४७ साली लंडनमध्ये कंपनी काढली आणि दोघांच्या नावांतली अक्षरं जोडून ‘लेस्नी’ हे नाव केलं. जॅक ओडेल हा डायकास्टिंगमधला जाणता माणूस त्यांना येऊन मिळाला. त्याच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं नेता यायचं, म्हणून त्याने तिला इवलासा पितळी रोडरोलर करून दिला. मालिकेला नाव मिळालं ते यावरून. १९५३ साली मालिका सुरू झाली, तिचा पहिला क्रमांकही रोडरोलरचाच. अगदी सुरुवातीच्या गाड्यांवर आणि खोक्यांवर ‘मोको’ हे वितरकाचं नावही सापडतं. लेस्नी १९८२ साली बुडाली आणि मालकी बदलत गेली. म्हणून तळावर ‘मेड इन इंग्लंड’ आहे की मकाव, थायलंड, चीन, हे पहिल्यांदा वाचा. एक चूक नवखे सगळेच करतात. तळावर ‘१९७१’ असं साल दिसलं की गाडी १९७१ ची समजतात. ते साल त्या नमुन्याचं असतं. तोच नमुना पुढे अनेक वर्षं ओतला जायचा.

आता कास्टिंग. वितळलेलं जस्त दाबाने पोलादी डायमध्ये, म्हणजे साच्यात, शिरतं, क्षणात थिजतं आणि मागून इजेक्टर पिना ते बाहेर ढकलतात. या पिनांचे बारीक गोल ठसे आतल्या बाजूला राहतात. डायचे दोन भाग जिथे मिळतात तिथे एक पुसट रेघ उमटते. डाय नवी असली की अक्षरं, जाळी, दाराच्या चिरा खणखणीत येतात. लाखो शॉट मारून, म्हणजे लाखो भाग ओतून, डाय दमली की कडा गोलसर होतात, जोडावर फ्लॅश, म्हणजे जादा धातूची पापुद्र्यासारखी झालर, निघते, आणि डायच्या पृष्ठभागावर पडलेल्या केसासारख्या भेगा गाडीवर उठावदार रेषा होऊन येतात. आमच्याकडे असा भाग मी रिजेक्ट करायचे. इथे मात्र तो दोष नव्हे, ती माहिती आहे. एकाच नमुन्याच्या दोन गाड्या शेजारी ठेवल्या तर आधी ओतलेली कुठली हे यावरून बऱ्याचदा सांगता येतं.

त्यानंतर ॲक्सलची टोकं बघा. मॅचबॉक्सच्या सुरुवातीच्या गाड्यांत तारेचं टोक चिमटून चपटं केलेलं असतं, नंतरच्या गाड्यांत ते घुमटासारखं गोल होतं. चाकंही बदलत गेली: आधी धातूची, मग राखाडी प्लास्टिकची, मग काळी. एकाच ट्रकची राखाडी चाकांची आणि काळ्या चाकांची अशा दोन आवृत्त्या असतात आणि भावात मोठा फरक पडतो. म्हणूनच चाकं बदलून फसवणूक होते. टोकावर ताजी चमक किंवा पकडीचे ओरखडे दिसले, किंवा चारांपैकी एकाच टोकाचा घाट वेगळा असला, तर गाडी उघडलेली आहे असं धरा.

पुन्हा रंगवलेली गाडी ओळखायला काम कुठल्या क्रमाने व्हायचं ते लक्षात ठेवा. बॉडी आधी रंगवायची, मग ॲक्सल घालायचा, मग तळ बसवून रिव्हेट ठोकायचं. त्यामुळे ॲक्सलच्या टोकावर बॉडीचा रंग असूच नये. रिव्हेटच्या ठोकलेल्या डोक्यावर अखंड गुळगुळीत रंग असला तरी मी गाडी खाली ठेवते. डोकं गिरमिटाने उडवून आत स्क्रू बसवलेला असेल तर ते लगेच दिसतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळजी वापरतात तसं. एक छोटं चुंबकही खिशात ठेवा. जस्ताला ते चिकटत नाही, पोलादी ॲक्सलला चिकटतं, आणि बॉडीला चिकटलं तर ती पत्र्याची गाडी आहे.

जस्ताचा एक रोग असतो, तो फार जपून ओळखावा लागतो. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं किंवा कथील जरासं जरी मिसळलं तरी काही वर्षांनी धातूच्या कणांमधल्या सीमांवर गंज धरतो. आमच्या भट्टीजवळ कुणी सोल्डरची तार घेऊन आलं की फोरमन अक्षरशः ओरडायचे, त्याचं कारण हेच. डिंकीच्या दुसऱ्या महायुद्धाआधीच्या गाड्यांत हे बरंच आढळतं, कारण तेव्हा धातूच्या शुद्धतेकडे तितकं लक्ष नव्हतं. खुणा अशा: रंगाखाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा, फुगवटे, केळ्यासारखा वाकलेला तळ, आपोआप लांबलेली आणि म्हणून दुसऱ्या भागात न बसणारी बॉडी. यावर उपाय नाही. शेजारच्या गाडीला तो लागत नाही, पण रोगट गाडी एक दिवस बोटांत चुरते. मी अशी एक लॉरी पैसे मोजून घेतली होती, भेगा म्हणजे जुना रंग तडकलाय असं समजून. आता ती डबीत आहे, नऊ तुकड्यांत.

आपल्याकडच्या नव्या संग्राहकाला मी एक गोष्ट आग्रहाने सांगेन: निकी टॉईज शोधा. डिंकी गाड्या लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरच्या मेकॅनो कारखान्यात बनायच्या. तो १९७९ साली बंद पडला. पण त्याआधीच, साठच्या दशकाच्या अखेरीस, त्यांच्या काही जुन्या डाय कोलकात्याला आल्या आणि तिथल्या अटॅम्को कंपनीने त्याच डायमधून ‘निकी टॉईज’ नावाने गाड्या काढल्या. तळ उलटा करून भिंगाखाली धरा. ‘डिंकी’ हे नाव डायमधून काढल्याच्या ओबडधोबड खुणा काही नगांवर स्पष्ट दिसतात. कास्टिंग मूळ डिंकीपेक्षा बोथट, रंगाचा थर जाड, आणि मला तरी यांचं फार ममत्व वाटतं. दमलेल्या डायवर कुणीतरी आपल्या देशात बसून शॉट मारत होतं, फ्लॅश कानशीने काढत होतं. माझ्याकडे त्यांची ‘स्टँडर्ड २०’ मिनीबस आहे. मूळ डिंकीत ती दुसऱ्याच इंग्लिश नावाने निघायची. आपल्याकडे मद्रासला बनणाऱ्या खऱ्या गाडीचं नाव तिला इथे मिळालं. परदेशातले संग्राहकही आता या गाड्या शोधतात, तेव्हा घरातल्या माळ्यावरचा डबा भंगारात द्यायच्या आधी एकदा उघडा.

बाजाराबद्दल फार सांगत नाही. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. सकाळी लवकर जा, उन्हाच्या उजेडात बघा, आणि भाव विचारायच्या आधी गाडी उलटी करा. फोनवरून घेणार असाल तर तळाचा फोटो, दोन्ही बाजूंच्या ॲक्सलच्या टोकांचा फोटो आणि खोक्याच्या झाकणांचा फोटो मागा. तळाचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून मी घेत नाही. खोकी तर सर्रास नव्याने छापली जातात. जुन्या छपाईत सपाट भरीव रंग असतो. स्कॅन करून छापलेल्या खोक्यावर भिंगाखाली रंगीत ठिपके दिसतात. अंधारात जांभळ्या यूव्ही टॉर्चखाली पुठ्ठा निळापांढरा उजळला तर पन्नासच्या दशकातल्या खोक्याबाबत मी बहुधा नाहीच म्हणते.

साफसफाईत आपल्या घरच्या सवयी घातक ठरतात. पितळी भांडी चिंचेने लखलखतात म्हणून इथेही चिंच, लिंबू किंवा व्हिनेगर लावू नका. आम्ल जस्ताला खातं. धुण्याचा सोडाही नको, तो रंग आणि जस्त दोन्हीला लागतो. टूथपेस्टने रंगाचा वरचा थर घासला जातो. कोमट पाण्यात दोन थेंब भांड्यांचा लिक्विड साबण घ्या, लहान मुलांचा मऊ ब्रश बुडवून झटका आणि पुसत पुसत जा. कोपऱ्यांसाठी कापूस गुंडाळलेली काडी. गाडी पाण्यात बुडवायची नाही, कारण ॲक्सल पोलादी आहे आणि आत पाणी राहिलं तर गंजतो. कागदी लेबलाच्या दोन मिलिमीटर अलीकडे थांबा. टँकरच्या बीपीच्या पट्टीला मी आजवर कोरडा ब्रशसुद्धा लावलेला नाही. उडालेल्या रंगावर टच-अप करू नका. आणि हात धुवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून या गाड्या नातवंडांना खेळायला देऊ नयेत. माझ्या नातवाला मी नव्या गाड्या वेगळ्या घेऊन ठेवल्यात.

ठेवण्याच्या बाबतीत माझी एक चूक सांगते. पहिल्या पावसाळ्यात कपड्यांसारखंच या गाड्यांनाही जपावं म्हणून मी डब्यात डांबरगोळ्या टाकल्या. दसऱ्याला डबा उघडला तर सहा गाड्यांच्या खिडक्यांचं प्लास्टिक धुरकट होऊन मऊ पडलं होतं. नॅफ्थलीन त्या प्लास्टिकला विरघळवतं, हे मला, आयुष्यभर धातूतच राहिलेल्या बाईला, माहीत नव्हतं. स्पंज आणि बबल रॅपही थेट रंगाला लागू देऊ नका. दमट हवेत स्पंज चिकटतो आणि फुग्यांचे गोल डाग रंगावर कायमचे उमटतात. डिंकीचे रबरी टायर प्लास्टिकवर टेकवून ठेवले तर प्लास्टिक वितळतं, तेव्हा मध्ये पातळ कागद घाला. प्लायवूडच्या बंद कपाटातून आम्लाची वाफ सुटत राहते. माझ्या गाड्या पावडर कोटिंगच्या लोखंडी कपाटात आहेत, प्रत्येक कप्प्यात सिलिका जेलची पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदलायची. पावसाळ्यात ते दर आठवड्याला बघावं लागतं. थेट ऊन नको, लाल रंग सगळ्यात आधी उतरतो.

शेवटचं काम वहीचं. गाडी घरी आली त्याच दिवशी लिहा: क्रमांक, तळावरचा पूर्ण मजकूर जसाच्या तसा, चाकांचा रंग, ॲक्सलची टोकं, कुठून घेतली, किती दिले, बदललेलं काय. टायर नवा घातला असेल तर तेही लिहा, पुढच्या माणसाला कळलं पाहिजे. वहीच्या पहिल्या पानावर माझी नोंद अशी आहे: ‘क्र. ३२, लेलँड टँकर. काळी चाकं, गोल टोकं, रिव्हेट मूळचं. पुढच्या डाव्या कोपऱ्यावर रंग उडालाय, जिन्यावरून पडला होता, दादाच्या हातून. किंमत नाही.’