लंडनच्या जुन्या तक्त्यांतला गोवर कसा मोजावा

नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात मी ३१ वर्षं काढली. आता लेकीकडे लंडनला आलो की दुपार सरत नाही, म्हणून इथल्या आरोग्य अधिकाऱ्यांचे जुने वार्षिक अहवाल वाचतो. १८४८ पासूनचे असे हजारो अहवाल वेलकम ग्रंथालयानं स्कॅन करून फुकट ठेवलेत. त्यांतून व्हिक्टोरिया राणीच्या काळात गोवरानं गेलेली पोरं मोजायची असतील, तर माझी पद्धत सांगतो.

आधी एकच वस्ती धरा. मी बेथनल ग्रीन धरलं. सगळं लंडन एकदम उघडलंत, तर तिसऱ्या दिवशी वही मिटाल. रकाने आखा: वर्ष, एक वर्षाच्या आतले, १ ते ५, एकूण. उजवीकडे दोन रकाने मोकळे ठेवा, ते लागणार आहेत.

फार मागे जाऊ नका. इथली सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. त्याआधीच्या साप्ताहिक मृत्युपत्रकांसाठी पॅरिशनं, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या स्थानिक कारभारानं, नेमलेल्या म्हाताऱ्या बायका प्रेत बघून कारण सांगायच्या. त्यांत ‘दात’ हेही लहान मुलांच्या मृत्यूचं कारण! डॉक्टरी दाखल्याची सक्ती १८७४ च्या कायद्यानं आली. मी त्यानंतरचेच अहवाल धरतो.

‘१ ते ५’ हा रकाना जड दिसेल. घाबरू नका, चूक नाही. पहिले काही महिने बाळाला आईकडून आलेलं संरक्षण असतं. ते ओसरलं की धोका, आणि दुसरं वर्ष सगळ्यात वाईट.

एकाच वर्षाचा आकडा घेऊन निष्कर्ष काढू नका. लंडनमध्ये गोवराची लाट साधारण दर दोन वर्षांनी यायची, कारण एकदा तो शहरभर फिरला की न झालेली नवी पोरं साठायला तेवढा वेळ लागे. म्हणून निदान सहा वर्षांची सरासरी काढा. शिवाय साप्ताहिक आकड्यांची बेरीज करत असाल, तर एखाद्या वर्षात ५३ आठवडे निघतात. मी पहिल्यांदा त्यातच फसलो.

आता ते मोकळे रकाने. एकात डांग्या खोकला, दुसऱ्यात न्यूमोनिया आणि ब्राँकायटिस मिळून, तेही त्याच वयाचे. कारण सांगतो. आमच्या खिडकीवर एक बाई आली होती. दाखल्यावर न्यूमोनिया. ती म्हणाली, “साहेब, गोवर निघाला होता, पण तो गेला. मग खोकल्यानं बाळ गेलं.” गोवराचा शब्द कागदावर कुठेच नव्हता. लंडनलाही पुरळ मावळल्यावर छातीत कफ भरून गेलेली कित्येक पोरं अशीच शेजारच्या ओळीत गेली असणार. गोवराच्या वर्षी त्या ओळीही फुगतात का, ते बघा. फुगल्या तरी तो सगळा फुगवटा गोवराच्या नावावर टाकू नका, कडाक्याच्या थंडीतही छातीचे आजार वाढतातच.

शेजारची ओळ वाचण्यात ग्लासगोचा डॉक्टर रॉबर्ट वॉट माझा गुरू. त्यानं तिथल्या दफनाच्या वह्या उपसून १७८३ ते १८१२ चा हिशेब मांडला. देवीची लस आल्यावर एकूण मृत्यूंतला देवीचा वाटा सुमारे २० टक्क्यांवरून ४ वर उतरला, आणि गोवराचा जेमतेम १ वरून ११ च्या आसपास चढला. नुसती देवीची ओळ पाहणाऱ्याला हे कळलंच नसतं.

शंभर आजाऱ्यांत किती दगावले, हा हिशेब मात्र या तक्त्यांतून होत नाही. १८८९ च्या साथरोग-नोंद कायद्याच्या यादीत गोवर नव्हताच, त्यामुळे किती पोरांना झाला याची मोजदादच नाही. पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे किती गेली, एवढंच काढा. लोकसंख्या दर दहा वर्षांच्या जनगणनेतून घ्या, मधली वर्षं प्रमाणात भरा. दवाखान्यात किंवा वर्कहाउसमध्ये (निराधार गरिबांना ठेवायची सरकारी जागा) दगावलेलं मूल कुठल्या वस्तीच्या खात्यात धरलंय, ते तक्त्याखालच्या बारीक टिपेत सापडतं.

आणि तक्त्यापाशी थांबू नका, मागचे शेरे वाचा. शाळेत जाणारं पोर रोग घरी आणतं आणि धाकट्याला देतं, शाळा बंद ठेवावी की नाही, आया साधा आजार समजून डॉक्टरला बोलावत नाहीत, असली कुरकुर तिथे भेटते. मी ती पेन्सिलनं त्या त्या वर्षासमोर उतरवून ठेवतो.