कोस्टडाउन चाचणी घेणार असाल तर

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून कोस्टडाउन निवडणारी मुलं गोव्यात फर्मागुडीला, फोंड्याला बरीच भेटतात. विषय चांगला आहे, खर्चही बेताचा. गाडी वेगात आणायची, न्यूट्रल करायची आणि ती मंदावत जाताना वेग नि वेळ नोंदवायची. मंदनाला वस्तुमानाने गुणलं की एकूण विरोध हाती येतो. (चाकं फिरत असतात, म्हणून वस्तुमान तीन-चार टक्के वाढवून धरा.)

गाडी काढण्याआधी कागदावर अंदाज मांडाच. माणसांसकट ११०० किलोची छोटी कार आणि टायरचा (रोलिंग रेझिस्टन्सचा) गुणांक ०.०१२ धरला, तर टायरचा विरोध साधारण १३० न्यूटन. हवेचा (ड्रॅगचा) गुणांक ०.३३, समोरचं क्षेत्रफळ २.१ चौरस मीटर आणि आपल्याकडच्या उबदार हवेची घनता घनमीटरला १.१६ किलो धरली, तर ताशी ४० किमीला हवेचा विरोध ५० न्यूटन भरतो, ८० ला थेट २००. पंचवीसच्या वेगाला मात्र जेमतेम २०. म्हणून टायरचा आकडा कमी वेगाच्या नोंदींतून काढा, हवेचा जास्त वेगाच्या.

गोव्यात खरा घोळ घालतो तो चढ. डोळ्यांना सपाट दिसणारा रस्ता शंभर मीटरला अर्धा मीटर चढत असला, तरी वर धरलेल्या गाडीवर ५४ न्यूटनचा फरक पडतो. म्हणून त्याच पट्ट्यावर दोन्ही दिशांनी चाचणी घ्यायची. इथे बहुतेक जण वेळांची सरासरी काढतात, आणि तिथेच गणित बिघडतं. चाकांसाठीची वाढ बाजूला ठेवली, तर ताशी ४५ वरून ३५ किमीवर यायला सपाटीवर १७ सेकंद लागतात. या चढावर १३ आणि उतारावर २४ लागतील. वेळांची सरासरी साडेअठरा येते. दोन्ही दिशांचं मंदन वेगवेगळं काढून त्याची सरासरी घेतलीत, तर पुन्हा १७ सेकंदांचंच उत्तर मिळतं.

वाऱ्याचं तसं नाही. हवेचा विरोध वर्गाने वाढतो, त्यामुळे समोरून लागलेला वारा परतताना पुरता फिटत नाही. दुपारी खारे वारे सुटण्याआधी, सकाळी लवकर काम उरका. पावसाळ्यात तर नकोच, ओल्या रस्त्यावर टायरचा विरोध वाढतो. टायरची हवा गाडी थंड असतानाच तपासून लिहून ठेवा.

जागा मात्र वाहत्या रस्त्यावरची नको, हायवे तर मुळीच नको. कॅम्पसमधला किंवा औद्योगिक वसाहतीतला सरळ पट्टा रीतसर परवानगीने बंद करून घ्या. इंजिन कधीही बंद करू नका, ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात.

पुढे पुण्याकडे चाचणी विभागात नोकरी धरलीत तर हेच काम रोज दिसेल. चासिस डायनॅमोमीटर, म्हणजे गाडी जागच्या जागी रोलरवर चालवून तपासायचं यंत्र; त्याच्या रोलरवर गाडीला किती विरोध द्यायचा, ते कोस्टडाउनच्या आकड्यांवरूनच ठरतं. मुलाखतीला जाताना रंगीत आलेखांपेक्षा कच्च्या नोंदींची वही सोबत न्या. दोन दिशांचे आकडे का जुळले नाहीत, हे तुम्ही नीट सांगू शकलात तर समोरचा माणूस पुढचे प्रश्न मनापासून विचारतो.